जेवढी पिठी तेवढं पाणी, पण वाटीनं! स्वयंपाकाची मापं वजनात आणि वजनं मापात कशी बदलायची

गणेश चतुर्थीला दुपारी साडेबाराला, आमची पानं मांडायची घाई चाललेली असताना, भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडमध्ये असते, तिकडे सकाळचे आठ. पीठ लागलेल्या हातानं फोन धरून म्हणाली, "मावशी, उकड तडकतेय गं. पारी करायला घेतली की कडाच फाटतात." पातेलं दाखव म्हटलं. पांढराशुभ्र, कोरडा, भगराळा गोळा. पाणी किती घातलंस? "तूच सांगितलंस ना, जेवढी पिठी तेवढं पाणी. ५०० ग्रॅम पिठी, ५०० ग्रॅम पाणी. काट्यावर मोजलंय."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं माझं सांगणं. "जेवढी पिठी तेवढं पाणी" हे वाक्य मला आईकडून आलं आणि तिच्या हातात तेव्हा स्टीलची वाटी होती, वजनकाटा नव्हता. तांदळाची पिठी वाटीत भरली की एका मिलिलिटरला साधारण ०.६५ ग्रॅम बसते. म्हणजे ५०० ग्रॅम पिठी वाटीनं मोजली असती तर ती जवळजवळ ७७० मिली भरली असती आणि पाणीही तेवढंच लागलं असतं. भाचीच्या उकडीत पाऊण लिटरऐवजी अर्धा लिटर पाणी गेलं होतं. उरलेलं पाणी उकळून, हबके मारत, तेलाच्या हातानं मळून तिनं उकड सावरली. मोदक फार देखणे झाले नाहीत, पण फुटलेही नाहीत.

त्या दिवसानंतर मी घरातल्या सगळ्या वाट्या, चमचे आणि एक जुनं मापटं काट्यावर घेतलं. त्यातून हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

आधी ठरवा, बदलायची गरज आहे का

वाटी जागा मोजते, काटा भार मोजतो. कापूस आणि लोखंडाचं जुनं कोडं आहे तेच, फक्त इथे कापसाच्या जागी बेसन आणि लोखंडाच्या जागी साखर आहे.

कृतीतलं सगळं एकाच वाटीनं दिलेलं असेल आणि तुम्हीही एकाच वाटीनं मोजणार असाल, तर काहीही बदलू नका. तीन वाट्या रवा, दीड वाटी दही, एक वाटी पाणी: तुमची वाटी लहान असो की मोठी, ढोकळा तसाच होईल, कमी-जास्त होईल एवढंच. वाटीची कृती म्हणजे प्रमाण असतं. त्यात नेमकी रक्कम नसतेच. आपल्या आज्यांचं सगळं काम प्रमाणावर चाललं आणि उत्तम चाललं.

अडचण येते ती वेगळ्या वेळी. कृतीत काही वाटीनं आणि काही ग्रॅमनं दिलेलं असतं तेव्हा. वाटीची कृती घेऊन किराण्याची यादी करायची असते तेव्हा, कारण वाणी तुम्हाला वाट्या देत नाही. चार माणसांचं चाळीस माणसांसाठी करायचं असतं तेव्हा. फराळाच्या ऑर्डरचा भाव काढायचा असतो तेव्हा. आणि बेकिंग करताना तर नेहमीच, कारण केक बिघडला तर त्यात नंतर हबका मारता येत नाही.

पहिलं काम: तुमची वाटी किती मिलीची आहे?

आमटीची वाटी, खिरीची वाटी, देवापुढची वाटी, हळदीकुंकवात मिळालेली वाटी, सगळ्यांना आपण वाटीच म्हणतो. माझ्या मांडणीवरच्या पाच वाट्या मोजल्या तर सगळ्यांत लहान ११० मिलीची निघाली आणि सगळ्यांत मोठी २१०ची. जवळजवळ दुप्पट फरक!

मोजायची रीत सोपी आहे. डिजिटल काट्यावर कोरडी वाटी ठेवा, काटा शून्य करा (बहुतेक काट्यांवर त्यासाठी 'टेअर' असं बटण असतं) आणि पाणी ओता. काठाला टेकेपर्यंतच. पाणी चिवट असतं, काठाच्या वर फुगून उभं राहतं. तो फुगवटा धरला तर सात-आठ ग्रॅम जास्त दिसतात. काट्यावर जेवढे ग्रॅम, तेवढ्या मिलीची वाटी. पाण्याचं एक मिली म्हणजे एक ग्रॅम, स्वयंपाकघराला एवढं पुरतं.

माझी रोजची वाटी १६० मिलीची आहे. पुढचे सगळे हिशेब मी तिच्यावर करते आहे, तुम्ही तुमचा आकडा घाला.

काट्यावर भरवसा नसेल तर अर्धा लिटर दुधाची न फोडलेली पिशवी त्यावर ठेवा. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, त्यामुळे अर्धा लिटर दूध साधारण ५१५ ग्रॅम भरतं, वर पिशवीचे दोन-तीन. काटा ५१० ते ५२० दाखवत असेल तर तो कामाचा आहे. ४८० दाखवत असेल तर आधी सेल बदला.

काटा घ्यायचा तर ५ किलोपर्यंतचा आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. काच-बीच, निळा दिवा, मोबाइलला जोडणी यांनी पीठ जास्त अचूक मोजलं जात नाही.

दुसरं काम: पदार्थाचा गुणक

एका मिलीत त्या पदार्थाचे किती ग्रॅम बसतात, तो त्याचा गुणक. वाटीचे मिली गुणिले गुणक बरोबर ग्रॅम. उलट जायचं असेल तर ग्रॅम भागिले गुणक बरोबर मिली. एवढंच गणित आहे.

मी वापरते ते गुणक असे. मापं सपाट, हलक्या हातानं भरलेली.

पाणी १
दूध, दही १.०३
तेल ०.९२
पातळ केलेलं तूप ०.९१
मध १.४२
साखर ०.८५
पिठीसाखर ०.५
बारीक मीठ १.२
मैदा ०.५२
कणीक ०.५२ ते ०.५५
बेसन ०.५, चाळलेलं असेल तर ०.४
तांदळाची पिठी ०.६५
रवा ०.७
तांदूळ ०.८
तूर, मूग, हरभऱ्याची डाळ ०.८ ते ०.८५
साबुदाणा ०.६३
शेंगदाणे ०.६
खवलेलं ओलं खोबरं ०.३५
धने ०.३३
कोको पावडर ०.३५

तेलाच्या आणि तुपाच्या बाबतीत हा गुणक पिशवीवर छापलेलाच असतो, आपण तो वाचत नाही. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम असं असतं, तुपाच्या एक लिटरच्या बरणीवर बऱ्याचदा ९०५. तेल पाण्यावर तरंगतं ते याचमुळे. "एक किलो तेल" आणि "एक लिटर तेल" यांत जवळजवळ शंभर मिलीचा फरक पडतो. सुटं तेल किलोनं घेऊन लिटरच्या भावाशी ताडून बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तूप पातळ करूनच मोजायचं. थिजलेलं रवाळ तूप चमच्यानं काढलं की शीग राहते आणि वाटीत दाबलं तरी मधे पोकळ्या राहतात. तूप कडक थिजलं असेल तर मी वाटी बाजूला ठेवते आणि सरळ वजन करते.

पिठांचं पीठच वेगळं

साखर, रवा, तांदूळ यांचा गुणक फारसा हलत नाही. दाणे कडक असतात, कसेही भरा, थोडाफारच फरक पडेल. पिठं मात्र हाताप्रमाणे बदलतात.

एकदा एकाच डब्यातला मैदा मी २४० मिलीच्या कपानं तीन तऱ्हांनी मोजला. आधी चाळून, कपात अलगद पडू दिला आणि सुरीच्या पाठीनं सपाट केला: ११२ ग्रॅम. मग डब्यात चमच्यानं जरा हलवून, चमच्याचमच्यानं कपात भरला: १२४ ग्रॅम. मग आपण घाईत करतो तसं, कपच डब्यात खुपसला आणि डब्याच्या कडेला घासून सपाट केला: १४८ ग्रॅम. कप तोच, मैदा तोच, आणि पहिल्या-तिसऱ्यात ३६ ग्रॅमचा फरक. तीन कप मैद्याच्या केकमध्ये हा फरक शंभर ग्रॅमच्या वर जातो. "कृती तंतोतंत केली तरी केक दगडासारखा झाला" या तक्रारीमागे निम्म्या वेळा हा खुपसलेला कप असतो, असं माझं मत आहे. उरलेल्या निम्म्या वेळा ओव्हन.

कणकेचं आणखी एक आहे. गिरणीतून नुकतं आलेलं पीठ गरम, फुललेलं असतं, वाटीत कमी बसतं. तेच आठ दिवस डब्यात दबलं, वर दोनदा डबा आपटून झाकण लावलं, की तीच वाटी जड होते. पावसाळ्यात पिठाला ओल धरते ती वेगळीच. म्हणून कणकेला मी एक आकडा देत नाही. पोळ्यांसाठी तो लागतही नाही, तिथे हाताला कळतं.

बेसनाच्या लाडवाला मात्र आकडा लागतो. चार वाट्या बेसन चाळण्याआधी मोजलं तर माझ्या वाटीनं ३२० ग्रॅम, चाळून मोजलं तर २५६. तूप तेवढंच घातलंत तर दुसऱ्या वेळी लाडू बसणार, ताटलीत पसरून चपटे होणार. कृतीत "चार वाट्या चाळलेलं बेसन" लिहिलंय की "चार वाट्या बेसन, चाळून" हे नीट वाचा. स्वल्पविराम कुठे आहे त्यावर लाडवाचा आकार ठरतो.

स्वतःचं पान करा

माझे गुणक घेऊन काम भागेल, पण तुमचा हात माझा हात नाही. म्हणून एकदा एक तास काढा आणि घरात नेहमी लागणाऱ्या दहा-बारा जिनसा स्वतः मोजा.

काट्यावर रिकामं पातेलं ठेवा, शून्य करा. तुम्ही नेहमी भरता तशाच पाच वाट्या त्यात घाला. मुद्दाम नीटनेटकं भरू नका, रोज जे करता तेच करा. पाच वाट्यांचं वजन भागिले पाच. एकच वाटी मोजली तर थोडी शीग राहिली, थोडं सांडलं, काटा एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाला, सगळं त्या एका आकड्यात येतं. पाचांत ते विरून जातं.

लिहिताना नुसतं "१ वाटी = ८० ग्रॅम" असं लिहू नका. "मैदा, १ वाटी (१६० मिली), चमच्यानं भरून सपाट, ८३ ग्रॅम" असं लिहा. पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि ती वाटी वेगळी ठेवा. माझ्या वाटीच्या बुडाला मी नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, नाहीतर ती आमटी घेऊन ताटात जाते.

काटा नसेल तरी पान करता येतं. अर्धा किलोचं मैद्याचं किंवा साखरेचं पाकीट आणाल त्या दिवशी ते डब्यात ओतताना वाटीनं ओता आणि वाट्या मोजा. माझ्या वाटीनं अर्धा किलो साखर पावणेचार वाट्यांना थोडी कमी भरते. पाचशेला तेवढ्यानं भागा, झालं. हे काम वर्षभर किराणा भरता भरताच होतं.

वाटीतून किलोत: सव्वाचा शिरा

सत्यनारायणाच्या प्रसादाचं उदाहरण घेऊ. घरच्या पूजेला सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप, दूध, केळं. आता सोसायटीच्या पूजेला हेच सव्वा किलोचं करायचं आहे. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप?

माझ्या वाटीनं एक वाटी रवा ११२ ग्रॅम, साखर १३६ ग्रॅम, पातळ तूप १४६ ग्रॅम. वाट्या समान, वजनं नाहीत. घरच्या शिऱ्याची चव हवी असेल तर सव्वा किलो रव्याला साखर साधारण १ किलो ५२० ग्रॅम आणि तूप १ किलो ६२५ ग्रॅम लागेल. तूप म्हणजे सुमारे १.८ लिटर. एक लिटरच्या दोन बरण्या आणा, दुसरीत थोडं उरेल.

सगळंच सव्वा किलो घातलं तरी प्रसाद होतोच. वजनानं समान घेण्याची प्रथाही अनेक घरांत आहे आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्या जिभेला तीच चव ओळखीची. पण "घरी केला तेव्हा मऊ होता, मोठा केला तर कोरडा का झाला" असं कोणी विचारलं, तर उत्तर हे आहे.

धन्यांनी केलेली फजिती

भाजणीचं मात्र मला स्वतःला महागात पडलं. चकलीच्या भाजणीला तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, असं प्रमाण असतं. तांदूळ आणि डाळी यांचे गुणक जवळजवळ सारखे, ०.८च्या आसपास. म्हणून तिथे वाट्यांचं प्रमाण सरळ किलोंत उतरवता येतं: एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद. कित्येक वर्षं मी अशीच यादी वाण्याला देत आले, कधी बिघडलं नाही. त्यामुळे वाटलं, सगळीकडे हेच चालतं.

मग थालीपिठाच्या भाजणीची पहिली मोठी ऑर्डर आली. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी आणि एक वाटी धने. मी दोन वाट्यांना पाव किलो धरून सगळं वाढवत नेलं. जिथे दोन वाट्या धने यायचे तिथे पाव किलो धने आले. धने पोकळ असतात, वाटीत त्यांच्यामधे हवाच जास्त. दोन वाट्या धने म्हणजे जेमतेम १०५ ग्रॅम. मी अडीचपट धने दळून आणले होते. गिरणीतून डबा घरी येईपर्यंत रिक्षाला धन्यांचा वास लागला. सगळ्या भाजणीत नंतर आणखी तेवढंच धान्य बिनधन्यांचं भाजून, दळून मिसळावं लागलं आणि पुढचे तीन महिने आमच्या घरी बुधवारी थालीपीठ होतं.

तेव्हापासून नियम असा: धान्य आणि डाळी एका गटात, त्यांचं आपसात वाटीनं किंवा वजनानं कसंही जमतं. धने, बडीशेप, तीळ, सुकं खोबरं, मिरच्या, पोहे यांचं प्रत्येकाचं वेगळं वजन करायचं.

ग्रॅममधून वाटीत

आता उलटं. नानकटाईची कृती ग्रॅमात आहे आणि काटा बंद पडला आहे. मैदा ३००, तूप १५०, पिठीसाखर १५० ग्रॅम.

मैदा: ३०० भागिले ०.५२ म्हणजे ५७७ मिली. १६०च्या वाटीनं साडेतीन वाट्या आणि वर एक मोठा चमचा. तूप: १५० भागिले ०.९१ म्हणजे १६५ मिली, एक वाटी आणि एक छोटा चमचा. पिठीसाखर: १५० भागिले ०.५ म्हणजे ३०० मिली, दोन वाट्यांना सव्वा मोठा चमचा कमी. मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा ५ मिलीचा धरला आहे.

पिठीसाखरेत गुठळ्या असतील तर हा हिशेब फसतो, आधी चाळा. आणि अशा वेळी मैदा थोडा हातचा ठेवून शेवटी लागेल तसा घाला. कमी पडलेला मैदा घालता येतो, जास्त झालेला काढता येत नाही.

चमच्यांचा गोंधळ

चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा, आमटीचा डाव. यांना कोणी मापात बांधलेलं नाही. माझ्याकडच्या चहाच्या चमच्यात ३ मिलीही बसतं आणि ५ मिलीही, सेट कुठला त्यावर आहे. शंभर-दीडशे रुपयांचे मोजमापाचे चमचे घेऊन टाका, त्यावर वाद नको.

५ मिलीच्या सपाट छोट्या चमच्यात बारीक मीठ ६ ग्रॅम, साखर ४ ग्रॅम, खायचा सोडा ५ ग्रॅमच्या आतबाहेर, बेकिंग पावडर ४ ते ४.५ ग्रॅम, कोरडं इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम. इथे मात्र मी काट्यापेक्षा चमच्यावर जास्त विश्वास ठेवते. साधा स्वयंपाकाचा काटा दोन-तीन ग्रॅमला आळशी असतो. चिमटीचिमटीनं घातलं तर बराच वेळ आकडा हलतच नाही, मग एकदम दोन ग्रॅम उडी मारतो. सोड्यात दोन ग्रॅमची चूक म्हणजे ढोकळ्याला साबणाची चव. पावाचं रोजचं काम असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वेगळा घ्या.

शिगेचा चमचा आणि सपाट चमचा यांत जवळजवळ दुप्पट फरक पडू शकतो. जुन्या वह्यांत "चमचा" म्हणजे बहुधा शिगेचाच असतो, तिखट-मीठ घालताना हात तसाच जातो.

परदेशी कप

परदेशातल्या मराठी घरांत हा घोळ रोजचा. अमेरिकेतला कप २३७ मिलीचा, व्यवहारात २४० धरतात. ऑस्ट्रेलियात २५०. जपानमध्ये २००, आणि भाताच्या कुकरबरोबर येणारा प्लॅस्टिकचा पेला १८० मिलीचा, त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतात. तो पेला हरवला आणि अमेरिकी कपानं तांदूळ घालून कुकरच्या आतल्या रेघेपर्यंत पाणी भरलं, तर भात कच्चा राहतो. रेघा त्या पेल्याच्या हिशेबाच्या असतात.

ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलीचा आहे, बाकी बहुतेक ठिकाणी १५चा. अमेरिकी कृतीत "एक स्टिक बटर" म्हणजे ११३ ग्रॅम, अर्धा कप. आपल्याकडची १०० ग्रॅमची बटरची वडी आणि वर एक छोटा तुकडा.

औंस हा सगळ्यांत फसवा. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम, द्रवाचा अमेरिकी औंस २९.६ मिली. पाण्याला दोन्ही जवळपास सारखे वाटतात म्हणून माणूस बेसावध होतो. पण "८ औंस मैदा" म्हणजे वजनानं २२७ ग्रॅम, आणि ८ द्रव औंसांचा एक कप मैदा म्हणजे १२५ ग्रॅम. कोरड्या जिनसेपुढे औंस दिसला तर ते वजन समजा.

अमेरिकी कृतींतलं कोशर मीठ खड्याचं, भुरभुरीत असतं. काही ब्रँडचं मीठ एका छोट्या चमच्यात तीनच ग्रॅम बसतं, आपलं सहा. कृतीत दोन चमचे कोशर मीठ असेल तर आपलं एक चमचा घालून चव बघा.

वहीतले शेर, चिपटी आणि तोळे

जुन्या वहीतली कृती हाती आली की आधी पाहायचं, हे माप धान्य भरून मोजायचं आहे की तागडीचं. चिपटं, मापटं, शेर, पायली ही भरायची मापं: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. तोळा, छटाक ही वजनं. शेर दोन्हीकडे आहे, तिथेच गोंधळ.

वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचा सोळावा भाग छटाक, ५८ ग्रॅम. तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. सराफ आज बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणतात ते वेगळं. भाजीवाल्याचं पावशेर आता पाव किलोच असतं. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६चा आणि ती वजनं वापरात यायला लागली ऑक्टोबर १९५८पासून, टप्प्याटप्प्यानं. त्याआधी गावोगावचे शेर वेगळे होते. जुन्या मुंबईचा मण २८ पौंडांचा, त्याचा चाळिसावा भाग शेर, म्हणजे जेमतेम ३१८ ग्रॅम. वही कुठली आणि कधीची हे ठाऊक नसेल तर शेराचे ग्रॅम करत बसू नका. सगळंच शेरात असेल तर प्रमाण म्हणून वाचा आणि वाटीनं करा.

भरायचं माप घरात असेल तर ते मोजून घ्या. आमचं मापटं लोखंडी, बुडाला गंजून भोक पडलेलं, त्यात पाणी ठरेना. मग तांदळानं काठोकाठ भरलं, ते तांदूळ परातीत ओतून माझ्या १६०च्या वाटीनं मोजले. वाट्या गुणिले १६०, आलं मिलीत.

मसाल्यांच्या कृती बहुधा तोळ्यांत, छटाकांत असतात. त्या सरळ ग्रॅमांत बदला. दगडफूल किंवा नागकेशर वाटीनं मोजण्यात अर्थ नाही, एका वाटीत किती बसेल हे ते कसं चुरगाळलंय त्यावर आहे.

ज्याला वाटी लावू नये

कोथिंबीर, मेथीची पानं, मुरमुरे, पातळ पोहे, चिरलेला कांदा. "एक वाटी चिरलेली मेथी" लिहिणाऱ्यानं ती दाबली होती की नाही, हे त्यालाच माहीत. मेथी-पालक जुडीनं किंवा वजनानं घ्या.

गुळाचंही तसंच. खडे केलेला, चिरलेला, किसलेला आणि काकवीसारखा मऊ, चारही वाटीत वेगळे भरतात. गुळाला काटाच हवा. मोदकाच्या सारणाला आपण म्हणतो दोन वाट्या खोबरं, एक वाटी गूळ. पण खवलेलं खोबरं मोकळं असतं, माझ्या दोन वाट्या ११० ग्रॅमच्या आसपास भरतात आणि चिरून किंचित दाबलेला एक वाटी गूळही तेवढाच. वाटीनं निम्मा दिसणारा गूळ काट्यावर खोबऱ्याच्या बरोबरीनं येतो.

भाचीला या वर्षी मी आधीच पान पाठवलं आहे. तांदळाची पिठी ५०० ग्रॅम, पाणी ७५० मिली उकळत, आणखी ५० मिली बाजूला गरम ठेवलेलं, कारण तिकडची पिठी वेगळी दळलेली असते. सारणाला खोबरं ४०० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम. गूळ फार गोड असेल तर ३५०. मीठ पाव छोटा चमचा, तूप एक छोटा चमचा, दोन्ही पाण्यातच. आणि खाली मोठ्या अक्षरांत: पाणी काट्यावर नाही, मापाच्या भांड्यानं मोजलंस तरी चालेल, पाण्याला दोन्ही सारखंच.